चार बोटं वर

भारतीय रस्ते काँग्रेस नावाची एक संस्था १९३४ सालापासून या देशात नांदते आहे. या काँग्रेसला निवडणूक लढवावी लागत नाही, त्यामुळे तिचं म्हणणं कुणी फारसं मनावर घेत नाही. रस्त्यावरचा गतिरोधक कसा असावा, हे तिनं १९८८ सालीच आपल्या ९९ क्रमांकाच्या पुस्तिकेत स्वच्छ लिहून ठेवलं. रुंदी ३.७ मीटर, मधोमध उंची १० सेंटिमीटर, पाठीची गोलाई १७ मीटर त्रिज्येची. ताशी २५ किलोमीटरनं येणाऱ्या गाडीला तो सुखानं ओलांडता यावा, असा त्यामागचा हिशेब. गावातला गतिरोधक मात्र पुस्तिकेतून येत नाही. देवळाचा स्लॅब पडतो, शेवटी चार घमेली माल उरतो, वाया कशाला घालवायचा म्हणून तो रस्त्यावर आडवा ओततात आणि वाळेपर्यंत वर बाभळीची फांदी ठेवतात. फांदी निघते, गतिरोधक राहतो. पुढच्या वर्षी सभामंडपाचा स्लॅब पडला, की त्यावर दुसरा थर चढतो.

१९५६च्या राज्यपुनर्रचनेपासून बेळगाव-निपाणीच्या पट्ट्यात दोन राज्यांचं कशावर एकमत म्हणून नाही. महाजन आयोगानं १९६७ साली निपाणी महाराष्ट्राला द्यावी आणि बेळगाव कर्नाटकाकडे ठेवावं असं सुचवलं. महाराष्ट्राला ते पटलं नाही. २००४ साली प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हापासून वाट पाहणं सुरू आहे. गतिरोधकाच्या बाबतीत मात्र दोन्हीकडची मनं जुळलेली आहेत. कागल मागं टाकून कोगनोळीत शिरलं, की पाट्यांची लिपी बदलते, बसच्या अंगावरचं नाव बदलतं, डिझेलचा भाव बदलतो. रस्त्यावरचा उंचवटा तेवढा तोच राहतो.

इतक्या बारकाईनं उंचवटे पाहायची वेळ माझ्यावर आली ती मेव्हण्यांच्या चाकांवरच्या घरामुळे. मेव्हणे निवृत्त झाले आणि टीव्हीवर त्यांनी अमेरिकेतली माणसं मोटारीमागं अख्खं घर जोडून हिंडताना पाहिली. महिन्याभरात कोल्हापुरातल्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडं त्यांचं घर उभं राहिलं. बारा फूट लांब, एका एक्सलवर दोन चाकं. आत दोन बाकं, रात्री त्यांचाच पलंग. एक ओटा, ओट्याला सिंक, सिंकखाली सांडपाण्याची टाकी आणि मागच्या भिंतीला पिण्याच्या पाण्याची भलीमोठी टाकी. मेव्हण्यांची अट एकच होती : घरच्या आत्यांचे गुडघे दुखतात, तेव्हा पायरी कमीत कमी उंच हवी, घर जमेल तितकं जमिनीलगत हवं. फॅब्रिकेशनवाल्यानं ही अट जिवापाड पाळली. ट्रकचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, एक्सलच्या वर बसलेल्या असतात; यानं ते एक्सलच्या खाली टांगले. त्यामुळं घर चांगलं चार इंच खाली आलं. सांडपाण्याची नळी त्याहून खाली आली.

अशा हौशी घरगाडीचा मूळपुरुष म्हणजे गॉर्डन स्टेबल्स. ब्रिटिश नौदलातला हा निवृत्त डॉक्टर. १८८५ साली त्यानं ब्रिस्टलमध्ये ‘वाँडरर’ नावाची घरगाडी बांधून घेतली, तिला दोन घोडे जोडले आणि थेट स्कॉटलंड गाठलं. बरोबर गाडीवान, एक नोकर, एक कुत्रा आणि एक पोपट. गाडी अवजड आणि रस्ते अरुंद, म्हणून नोकर तीनचाकी सायकलवरून पुढं जायचा आणि समोरून येणाऱ्यांना सावध करायचा. आमच्या लवाजम्यात कुत्रा नव्हता. पोपटाची उणीव आत्यांनी भासू दिली नाही. सायकलवाल्या नोकराच्या जागी मेव्हण्यांचा मुलगा मोटारसायकलवर होता. त्याचं काम पुढं जाऊन गतिरोधक हुडकायचा, त्याची उंची अदमासायची आणि हात वर करून निकाल सांगायचा. त्यानं निकालाच्या तीन पायऱ्या ठरवल्या होत्या. ‘नळी’ म्हणजे फक्त नळी घासेल. ‘टाकी’ म्हणजे टाकीपर्यंत जाईल. ‘उतरा’ म्हणजे सगळ्यांनी उतरा.

ओढायला बोलेरो होती. ती मेव्हण्यांनी चिकोडीच्या साडूंकडून घेतलेली, म्हणून नंबर केए २३. ट्रेलर कोल्हापूरचा, त्याचा एमएच ०९. ट्रेलरच्या पाठीवर दोन्ही नंबर एकाखाली एक रंगवलेले. डिसेंबर २०२२मध्ये हिरेबागेवाडीच्या टोलनाक्याजवळ महाराष्ट्राच्या ट्रकांवर दगड पडले होते आणि त्याच सुमारास पुण्यात कर्नाटकाच्या बसना काळं फासलं गेलं होतं. मी मेव्हण्यांना याची आठवण दिली.

“म्हणजे आपल्याला दोन्हीकडून धोका.”

“उलट आहे, दाजी. दोन्हीकडून संरक्षण. दगड घेतलेला माणूस दोन्ही नंबर वाचून कुठला खरा हे ठरवेपर्यंत आपण पुढं गेलेलो असतो.”

आमचा वेग तेव्हा ताशी तीस होता.

निघालो होतो सौंदत्तीच्या यल्लम्माला. मार्गशीर्षातल्या पौर्णिमेला कोल्हापूर-कागल-निपाणीची निम्मी माणसं त्या रस्त्याला असतात. देवीला पुरणपोळीचा नैवेद्य. मिक्सरमधलं पुरण देवीला चालतं असं कुठल्याच आत्यांचं मत नसतं, म्हणून ट्रेलरमध्ये दगडी पाटा-वरवंटा होता. पुरणाला गूळ हवा, म्हणून तीस किलोचा अख्खा रवा होता. गॅसवर भाजलेली भाकरी देवीला कशी दाखवायची, म्हणून चुलीची लाकडं होती. भरताची वांगी पोतंभर, बाजरीचं पीठ, हरभऱ्याची डाळ, तांब्याची घागर, पितळी परात. शिवाय सौ.च्या दुलया, कारण डिसेंबरात डोंगरावर थंडी असते. शिवाय मेव्हण्यांच्या दोन बॅटऱ्या आणि हत्यारांची पेटी, कारण बाहेरच्या मिस्त्रीवर त्यांचा विश्वास नाही.

कागलपर्यंत सहापदरीकरणाचं काम, त्यामुळं दर दोन मैलांना सर्व्हिस रोडवर उतरावं लागायचं. उतरलं की गाव, गाव आलं की उंचवटा. पहिल्या ‘नळी’ला खालून खर्रकन आवाज आला. मेव्हणे म्हणाले, “नवीन गाडी आहे, अंगात बसायला वेळ लागतो.” दुसऱ्या ‘नळी’ला आवाज मोठा झाला. ‘टाकी’ला आवाज बंद झाला, कारण नळी मागं रस्त्यात पडली होती. भाच्यानं ती उचलून आणली आणि आत्यांनी पदरानं पुसून आत ठेवली.

या सगळ्याला थोडं भूमितीचं अंग आहे. उभ्या गाडीखाली मोजलं तर सतरा सेंटिमीटर जागा होती. रस्ते काँग्रेसचा दहा सेंटिमीटरचा गतिरोधक त्यातून हसतखेळत निघून जातो. पण ट्रेलर काही उभा राहत नाही. त्याची चाकं मधोमध आणि नाक बोलेरोच्या बुडाला अडकवलेलं. बोलेरो चढाला लागली, की ट्रेलरचं नाक वर जातं आणि त्याचं बूड तितकंच खाली येतं. निपाणीत डिझेलसाठी आम्ही पंपाच्या चढणीवर वळलो. मेव्हण्यांनी कर्नाटकातलं स्वस्त डिझेल गाठायचं म्हणून काटा लाल होईपर्यंत आणला होता. बोलेरो वर गेली, ट्रेलरचं बूड जमिनीला टेकलं आणि सगळी यात्रा तिथंच ठप्प झाली. निम्मी बोलेरो पंपावर, ट्रेलर रस्त्यात. मागं उसाचे दोन-दोन ट्रेलर ओढणारे ट्रॅक्टर रांगेत उभे राहिले. त्यांच्या स्पीकरवरची गाणी एकमेकांत मिसळली. एक चालक खाली उतरला, वाकून बघितलं आणि अत्यंत शांतपणे म्हणाला, “बूड टेकलंय.”

जुन्या पी. बी. रोडला पाट्याचं काम करणारे एक मिस्त्री आहेत असं त्यानंच सांगितलं, आणि आपल्या ट्रॅक्टरनं ओढून आम्हाला तिथं नेऊन सोडलं. दुकानावरच्या पाटीवर वर ठळक कन्नड, खाली बारीक मराठीत ‘पाट्याची सर्व कामं होतील’. मिस्त्री साठीचे. ते एका ट्रकखाली पालथे पडून होते. त्यांचे पाय आमच्याशी बोलले.

“कुठं चाललासा?”

“सौंदत्तीला.”

“ह्या अंगानं?”

मग ते बाहेर आले, ट्रेलरभोवती एक फेरी मारली, खाली वाकले आणि पुन्हा उभे राहून तंबाखू मळायला लागले. निपाणीत तंबाखू मळणं म्हणजे विचार करणं. तोवर आजूबाजूचे दहाबारा जण गोळा झाले होते. सीमाभागात सल्ल्याला भाषेची अडचण येत नाही. मराठीत सुरू झालेला सल्ला कानडीत वळतो आणि दखनीत संपतो.

एक ट्रॅक्टरवाला म्हणाला, टायर मोठे घाला. मिस्त्री म्हणाले, “टायर दोन इंच मोठा घेतला तर गाडी उचलती एकच इंच. दुसरा इंच वरच्या अंगाला जातोय. मग मडगार्ड घासतंय.” कर्नाटक बसच्या डेपोतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, शॅकल लांब करा. मिस्त्री म्हणाले, “शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला. दोन इंच वाढवला तर मधी एक्सलवर गावतोय एक. वर गाडी डुलाय लागती ती येगळीच.” तिसऱ्यानं सुचवलं, आणखी दोन पाटे चढवा. मिस्त्रींनी ट्रेलरचं दार उघडून आत ओट्यावर मांडलेल्या कपबश्या पाहिल्या. “ऊस असता तर चढवलं असतं. हितं कपबशी हाय. सौंदत्ती येईपर्यंत एका कपाला कान ऱ्हाणार न्हाई.” चौथा म्हणाला, आहेत त्याच पाट्यांना ताव देऊन कमान वाढवा. मिस्त्री म्हणाले, “ताव नीट बसला न्हाई तर चार महिन्यांत पुन्ना सपाट.”

मेव्हणे या क्षणाची वाटच पाहत होते. त्यांनी पडलेला खडू उचलला आणि तेलाच्या पिंपावर आकृती काढली.

“सध्या पाटे एक्सलच्या खाली आहेत. एक्सल खाली घ्यायचा, पाटे वर. एक्सलची जाडी साठ मिलिमीटर, आठ मिलिमीटरचे सहा पाटे म्हणजे अठ्ठेचाळीस. बेरीज एकशे आठ. जवळजवळ अकरा सेंटिमीटर फुकट उंची! अमेरिकेत सगळे हेच करतात.”

गर्दीत एकदम उत्साह पसरला. अकरा सेंटिमीटर म्हणजे किती, हे भाच्यानं हातानं दाखवलं. लोकांनी वाहवा केली. उपाय खरोखर जुना आणि खात्रीचा आहे. जगभरातल्या ट्रेलरवाल्यांनी तो केलेला आहे. मिस्त्रींनी तंबाखूची चिमूट ओठाखाली सारली आणि एकेक बोट मोडायला सुरुवात केली.

“नुसता एक्सल उलटा फिरवून भागत न्हाई. त्याला मधी थोडा बाक दिलेला असतोय. उलटा घातला तर चाकं फाकत्यात. म्हंजे एक्सल हाय तसाच ठेवून पाट्याची बैठक दुसऱ्या अंगाला नव्यानं वेल्डिंग करायची. ते एक. गाडी अकरा सेंटिमीटर वर गेली की तिचं हुक बी वर गेलं. मग बोलेरोचा गोळा बी तेवढाच वर घ्यायचा. न्हाईतर नाक खाली दाबून गाडी चालणार. ते दोन. गाडी उच्च झाली की वळणावर आन वाऱ्यात जास्त झुकणार. ते तीन. टप वर जाणार. ते चार. आन पायरी वर जाणार.”

“ते पाच,” आत्या खुर्चीवरून म्हणाल्या. “आणि मला वर कोण घालणार?”

मिस्त्री म्हणाले, “मावशी, एक उचललं की त्याला बांधलेलं समदं उचलावं लागतंय. मोटारीत बी आन घरात बी.”

एवढ्यात गर्दीतून एक सफारीवाले गृहस्थ पुढं आले. त्यांचं नातं आरटीओ कचेरीच्या आवाराशी होतं, कचेरीशी नव्हे. ते म्हणाले, मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीपुस्तकात कंपनीनं दिलेली जी घडण लिहिली आहे, तिच्यापासून हटून गाडीत बदल करता येत नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं आहे. करायचाच तर रीतसर मंजुरी काढा.

मंजुरी कुठल्या राज्याची, यावर सभा दुभंगली. ट्रेलर महाराष्ट्राचा, ओढणारी गाडी कर्नाटकाची, काम निपाणीत. शिवाय निपाणीला लागून असलेलं अर्जुननगर कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. तिथल्या देवचंद कॉलेजात निपाणीची मुलं रोज राज्याची हद्द ओलांडून शिकायला जातात आणि संध्याकाळी परत कर्नाटकात येतात. एकानं तोडगा काढला : काम निपाणीत करा, उंची अर्जुननगरात नेऊन मोजा. डेपोतले काका म्हणाले, महाजन आयोगाला हे सुचलं असतं तर एव्हाना प्रश्न मिटला असता.

मिस्त्री या चर्चेत नव्हते. ते एक्सल आणि चौकटीखालचा रबरी ठोकळा यांच्यामधल्या फटीत बोटं घालून बघत होते. “दोन बोटं,” असं स्वतःशीच म्हणाले आणि मेव्हण्यांकडं वळले.

“आत काय हाय?”

“काही नाही. किरकोळ सामान.”

“उतरा सगळं.”

किरकोळ सामान उतरायला तासभर लागला. दुलया आल्या, डाळ आली, पीठ आलं. लाकडांची मोळी आली. पोतंभर वांगी आली. परात, घागर, खुर्च्या, बॅटऱ्या. गुळाचा रवा दोघांनी धरून आणला. शेवटी पाटा आणि वरवंटा आला. मग ट्रेलरमधून करकर असा आवाज झाला आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घर वर आलं. मिस्त्रींनी पुन्हा फटीत बोटं घातली.

“सहा.”

चार बोटं उंची कुणी जॅक न लावता, वेल्डिंग न करता आणि कुठल्याही राज्याची मंजुरी न घेता मिळाली होती. मेव्हणे पिंपावरची आकृती हातानं पुसायला लागले.

मिस्त्री पुन्हा खाली गेले. बॅटरीचा उजेड फिरला. मग आतून आवाज आला, “पाटा गेलाय!”

“कुठं जाईल?” आत्या म्हणाल्या. “हा काय, तुमच्या पायाशी तर ठेवलाय.”

मिस्त्रींनी बाहेर येऊन आधी आपल्या पायाकडं पाहिलं, मग आत्यांकडं. तुटला होता तो उजवीकडचा दुसऱ्या क्रमांकाचा पाटा, सेंटर बोल्टापाशी. बरेच किलोमीटर तो तुटलेल्याच अवस्थेत आम्हाला सौंदत्तीला नेत होता. मिस्त्रींनी नवा पाटा घातला, दोन्ही बाजूंना नवे यू-बोल्ट टाकले. जुने पुन्हा वापरू नका, एकदा ताणलेला यू-बोल्ट दुसऱ्यांदा तितकी पकड देत नाही, असं बजावलं. शंभर किलोमीटर झाले की नट पुन्हा आवळून घ्या, हेही सांगितलं. सांडपाण्याची नळी खालून काढून चौकटीच्या आतून वळवली. शेवटी ओट्यावर काचेच्या पेल्यात चहा ओतून ठेवला आणि काठापासून चारी बाजूंना तो सारखा आहे का ते पाहिलं. चहा सपाट होता. मग तो त्यांनी पिऊन टाकला. पुस्तकात लिहिली होती तेवढीच गाडीची उंची झाली. सफारीवाले गृहस्थ थोडे खट्टू होऊन निघून गेले.

प्रश्न उरला खाली मांडलेल्या बाजाराचा. मिस्त्रींचा हुकूम निघाला होता : पाटा, गूळ आणि लाकडं पुन्हा या गाडीत चढणार नाहीत. आत्यांनी दुसरा हुकूम काढला : पाट्याशिवाय नैवेद्य नाही आणि नैवेद्याशिवाय यात्रा नाही. दोन सार्वभौम सत्ता समोरासमोर उभ्या असताना रस्त्यावरून “उदं गं आई, उदं!” असा गजर ऐकू आला आणि कागल तालुक्यातल्या यल्लम्माच्या भक्तांची ट्रॉली यू-बोल्ट आवळायला दारात येऊन थांबली.

चाकांवरच्या घराचा या भागातला जुना अवतार तो हाच. आधी यल्लम्माला बैलगाड्या जायच्या. पुढं त्यांच्या जागी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आल्या. वर ताडपत्रीचं छप्पर, खाली पिंजर, पिंजरावर सतरंज्या, कडेला देवीच्या परड्या आणि देवीचा जग, मागच्या फाळक्याला भांड्यांची पोती. सिंक नाही, टाकी नाही, पलंग नाही. तळ मात्र जमिनीपासून कमरेइतका वर. मालाच्या ट्रॉलीतून माणसं नेऊ नयेत असं कायदा सांगतो आणि ते योग्यच आहे. पण ट्रॉलीखालून काय काय जाऊ शकतं हे पाहून मेव्हणे गप्प झाले. रस्ते काँग्रेसचे तीन गतिरोधक एकावर एक रचले असते तरी तिला पत्ता लागला नसता.

ट्रॉलीवाल्यांनी विचारलं, “सामान हाय व्हय? टाका की. सौंदत्तीला जोगुळभावीवर घ्या.” यल्लम्माच्या वाटेवर कुणी कुणाला नाही म्हणत नाही. गूळ चढला, लाकडं चढली. पाटा-वरवंटा चढवायची वेळ आली तेव्हा तो नीट ठेवतात की नाही हे बघायला आत्या उठल्या, ट्रॉलीला लावलेली लोखंडी शिडी धरली आणि खटाखट वर चढून गेल्या. पाटा कुठं ठेवायचा ते दाखवलं, त्याच्याखाली पोतं घालायला लावलं आणि तशाच खाली आल्या. ज्या गुडघ्यांसाठी मेव्हण्यांनी घर चार इंच खाली आणलं होतं, त्या गुडघ्यांनी हे केलं होतं. कुणी काही बोललं नाही. सौ. दुलयांच्या घड्या घालत राहिली.

तवंदी घाटाचा चढ गाडीनं झोकात घेतला. स्तवनिधीचं जैन क्षेत्र मागं टाकून उतार लागला, वेग पन्नासकडं गेला आणि आरशात ट्रेलर डावीकडं डोकावला, मग उजवीकडं. मग दोन्हीकडं वारंवार डोकावायला लागला. मेव्हण्यांनी ब्रेक न दाबता पाय काढला आणि गाडी हळूहळू कडेला घेतली, हे त्यांच्या हुशारीचं काम. डुलणाऱ्या ट्रेलरला घाबरून कचकन ब्रेक मारला तर तोच मोटारीला फिरवून टाकतो. कारण साधं होतं. ट्रेलरच्या एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा नाकावर, म्हणजे बोलेरोच्या हुकावर यायला हवा. गूळ, लाकडं, पाटा हे सगळं नाकाच्या बाजूला होतं. ते उतरलं आणि मागच्या भिंतीची पाण्यानं भरलेली टाकी एकटीच राज्य करायला लागली. नाक हलकं, बूड जड. मी आणि भाच्यानं दोन्ही बॅटऱ्या आणि हत्यारांची पेटी पुढच्या बाकाखाली सारली आणि टाकीतलं निम्मं पाणी कडेच्या बाभळीला घातलं. डुलणं थांबलं. हत्यारांच्या पेटीचा त्या प्रवासातला तो एकमेव उपयोग.

संकेश्वरला आत्यांनी गाडी थांबवायला लावली. संकेश्वरी मिरची घेतल्याशिवाय कोल्हापूरची बाई पुढं जाऊ शकत नाही. मेव्हण्यांनी वजनाचा मुद्दा काढला. आत्या म्हणाल्या, “वाळल्या मिरचीला वजन कुठं असतंय?” शास्त्रीयदृष्ट्या हे खरं असल्यामुळं पोतं आत आलं. हत्तरगीपर्यंत सगळे शिंकत होतो. पुढं राणी चन्नम्माचं जन्मगाव काकती लागलं आणि बेळगाव आलं. भाच्यानं निपाणीपासून इथवर एकदाही ‘टाकी’ म्हटलं नव्हतं. एकदा ‘उतरा’ म्हणाला, ते त्याला लघवीला जायचं होतं म्हणून.

बेळगावात शहापूरच्या विणकर गल्लीत मेव्हण्यांचे चुलतभाऊ राहतात. गल्लीत शिरताना सगळ्यांच्या नजरा सवयीनं खाली, गटारावरच्या फरशीकडं होत्या. वर कुणी पाहिलं नाही. गल्लीच्या मधोमध केबल टीव्हीच्या आणि इंटरनेटच्या तारा झोळी पडून लोंबत होत्या. ट्रेलरचं टप त्यांच्याखालून गेलं तेव्हा मधल्या जागेत मिस्त्रींची चार बोटं जेमतेम मावली असती. अकरा सेंटिमीटरचा बेत तडीस गेला असता तर त्या संध्याकाळी शहापुरातल्या एका गल्लीच्या सगळ्या कानडी आणि सगळ्या मराठी मालिका एकाच झटक्यात बंद पडल्या असत्या, आणि दोन्ही भाषांची माणसं कधी नव्हे ती एकजुटीनं आमच्यावर चालून आली असती.

चुलतभावांनी दारातच स्वागत केलं, “आलासा? बसा की. जेवून जावा.” निघताना कुंद्याचे डबे पुढं आले. बेळगावी कुंदा दिसतो इवला पण खवा आटवून केलेला असतो, त्यामुळं हाताला जड लागतो. मेव्हण्यांनी डबे घेतले, ट्रेलरचं दार उघडलं, क्षणभर थांबले आणि बोलेरोत पुढच्या सीटवर ठेवले. नाकावर वजन हवं असतं.

तेव्हा ज्यांना आपली गाडी, ट्रेलर किंवा संसार जमिनीपासून थोडा वर उचलायचा असेल, त्यांना एवढंच सांगणं आहे. आधी आतलं सामान खाली उतरवा. मग पाटे तपासा. मग चहा ठेवून पातळी बघा. त्यातूनही उंची कमीच वाटली तर वेल्डिंगवाल्याकडं जाण्याआधी वर मान करून तारा बघा आणि नोंदणीपुस्तक उघडून पाहा. आणि निपाणीच्या पी. बी. रोडला कुणी मिस्त्रींनी “आत काय हाय?” असं विचारलं, तर “किरकोळ सामान” असं सांगू नका. त्यांना पाट्याकडं पाहूनच कळतं.